अकरा वेळा गेलेल्या अक्का

"उजेड कुठून येतोय?"

कुठेही गेल्या की अक्कांचा पहिला प्रश्न हाच असायचा. घरातली बाई "बसा, बसा" म्हणत खुर्ची पुढे करायची आणि अक्का उभ्याच. आधी खिडकी शोधायच्या, मग दार, मग वरची ट्यूब. मग खुर्ची उचलून जराशी तिरकी करायच्या आणि डावा गाल उजेडाकडे येईल अशा बेताने बसायच्या. पदर सारखा झाला, मान थोडी वर गेली, की मग म्हणायच्या, "हं, आता बोल." तोवर त्या बाईला काय बोलायचं होतं ते आठवत नसे.

मोतीबिंदूच्या तपासणीला मीच त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो होतो. डॉक्टर नवे होते, तरुण होते. खोलीत पाऊल टाकताच अक्कांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी अक्कांचा हात धरून त्यांना खुर्चीपर्यंत नेलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, की आजी, उजेड आहे एवढं तरी जाणवतं ना.

"जाणवतो हो," अक्का म्हणाल्या, "पण चुकीच्या बाजूने येतोय."

मग डॉक्टरांचा टेबललॅम्प इकडचा तिकडे झाला, तेव्हा कुठे तपासणी सुरू झाली. बाहेर पेशंटांची रांग लागली होती, पण अक्कांना रांगेचं काही वाटत नसे. शॉट लागेपर्यंत माणसं थांबतातच, असं त्यांचं मत होतं; एके काळी त्या सिनेमात कामं करायच्या.

माझा फोटो स्टुडिओ जळगावात, पिंप्राळ्याच्या रस्त्यावर आहे. वडिलांनी काढला, मी चालवला, आता माझ्यानंतर कोण चालवणार हा प्रश्न आहे, पण तो इथला विषय नाही. अक्का तिथून दोन गल्ल्या आत, भावाच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायच्या. भाऊ-भावजय लवकर गेले. भाचा नोकरीच्या निमित्ताने धुळ्याला स्थायिक झाला, सणावाराला यायचा. बाकी वेळ अक्का, त्यांचं पायाचं शिलाई मशीन आणि शिवणक्लासच्या मुली.

हो, शिवणक्लास. तुम्हाला वाटलं असेल, जुन्या काळच्या नटीबद्दल लिहितोय म्हणजे बंगला, मोटार, अत्तराचा वास असं काहीतरी येणार. तसलं काही नव्हतं. एका खोलीत सहा मशिनी, भिंतीवर खडूने आखलेले ब्लाउजचे नमुने, आणि गळ्यात टेप अडकवून फिरणाऱ्या अक्का. पिंप्राळ्यातल्या निदान दोन पिढ्यांच्या मुली त्यांच्या हाताखाली बाही जोडायला शिकल्या. बाही शिकवता शिकवता कसं चालायचं, दारातून आत कसं यायचं, कोणी ओरडलं तर लगेच न रडता आधी दोन श्वास कसे घ्यायचे, हेही त्या शिकवायच्या. हे फीमध्ये धरलेलं नव्हतं.

माझा आणि त्यांचा संबंध आला तो या मुलींमुळे. मुलगी लग्नाची झाली की तिचा फोटो काढायला आणायचे. स्थळांकडे पाठवायचा तो. आम्ही त्याला 'दाखवायचा फोटो' म्हणतो. मुलीबरोबर आई यायची, मावशी यायची, आणि सर्वांच्या पुढे अक्का. त्या लांबून येताना दिसल्या की माझ्या वडिलांना एकदम बाहेरचं काहीतरी काम आठवायचं. दुकानात उरायचो मी. तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो आणि आपल्याला फोटोग्राफीतलं सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी छत्री, म्हणजे उजेड पसरवायची ती पांढरी छत्री, उजवीकडची डावीकडे नेली. मी म्हणालो, की अक्का, पुस्तकात असं दिलेलं नाही. त्या म्हणाल्या, "पुस्तकाचं लग्न ठरवायचंय का?" मी गप्प बसलो. फोटो धुऊन आला तेव्हा तर आणखीच गप्प बसलो, कारण मुलगी खरोखर सुंदर दिसत होती. आमच्या स्टुडिओतून तोवर इतका चांगला फोटो बाहेर पडला नव्हता. त्या दिवसापासून माझी छत्री डावीकडे आहे.

मुलींना त्या एकच गोष्ट सांगायच्या. मुलगी लाजून ओठ मिटायची, मावशीही म्हणायची की गंभीर राहा, सोज्वळ दिसतं. अक्का कॅमेऱ्याच्या मागून ओरडायच्या, "दात दिसू दे गं. दात लपवायला तू काय सिनेमात आहेस?"

मुलगी हसायची, मी बटण दाबायचो. स्वतः अक्का मात्र कधी हसायच्या नाहीत. ओठांचे कोपरे किंचित वर जायचे आणि तिथेच थांबायचे. त्यांचा हातही तोंडाकडे जायचा, अगदी सवयीने. इतकी वर्षं ओळख असून मी त्यांचे दात पाहिले नव्हते. याचं कारण कळायला मला फार वर्षं लागली.

आता सिनेमाचं सांगतो. रेल्वेत नोकरीला असलेल्या वडिलांची ही मुलगी. बालपण बोदवड स्टेशनच्या क्वार्टरमध्ये गेलं. सोळाव्या-सतराव्या वर्षी एका नाटक कंपनीच्या मागे कोल्हापूरला गेली आणि तिथून सिनेमात आली. तेव्हा सगळं काळं-पांढरं होतं. दहा-बारा वर्षांत तिने अकरा सिनेमे केले. नायिका कधीच नाही. नायिकेची मोठी बहीण, नायकाची वहिनी, नायकाची पहिली बायको, अशी कामं. आणि अकराही सिनेमांत अक्का मेल्या.

याचा हिशेब त्या स्वतःच बोटांवर द्यायच्या. "क्षयाने चार. बाळंतपणात तीन. विहिरीत दोन. साप चावून एक. आणि एकदा नुसतीच मेले. का मेले ते डायरेक्टरने सांगितलंच नाही. विचारलं तर म्हणाला, बाई, इंटरव्हल आलंय."

टीव्हीवर कधी जुना मराठी सिनेमा लागला आणि त्यात त्या असल्या, की आमची अख्खी कॉलनी एकाच घरात जमायची. मध्यंतराच्या आसपास अक्का पडद्यावर प्राण सोडायच्या, बाया पदराने डोळे पुसायच्या. आणि खऱ्या अक्का तिथेच मागे शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. म्हणायच्या, "रडू नका. उजेड बघा कसा पडलाय. असा उजेड हिरोईनला नाही मिळाला." मग माणसं रडायची थांबून उजेड बघायची. मरणाचा प्रसंग त्या असा बिघडवायच्या.

एकदा धुळ्याकडच्या एका खेड्यात भाच्याच्या सासुरवाडीचं लग्न होतं. मी फोटोच्या कामाला गेलो होतो, अक्का पाहुण्या म्हणून. पंगतीत एक म्हातारी अक्कांसमोर येऊन उभी राहिली. तिने तंबूतल्या सिनेमात अक्कांना पाहिलेलं होतं. बराच वेळ निरखून झाल्यावर ती म्हणाली, "तू ते मरी गयथी ना वं माय?"

अक्कांनी घास खाली ठेवला. बोदवडच्या बोलीपेक्षा ही बोली वेगळी, पण अक्कांना दोन्ही यायच्या. अतिशय गंभीर चेहऱ्याने त्यांनी उत्तर दिलं, "गयथू वं बाई. पन जेवाले परत उनू."

मेले होते, पण जेवायला परत आले, हे ऐकून पंगतीतल्या बाया हसून हसून लोळल्या. म्हातारीने अक्कांच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. अक्कांच्या ओठांचे कोपरे नेहमीसारखे किंचित वर गेले, हात तोंडाकडे गेला, आणि त्या पुन्हा जेवायला लागल्या.

परतीच्या वाटेवर एसटीत मी त्यांना विचारलं, की अक्का, तुम्ही हसत का नाही. मला वाटलं टाळतील. त्यांनी सरळ सांगितलं. पहिल्या सिनेमाच्या वेळी डायरेक्टरसमोर त्या कशावर तरी मनापासून हसल्या होत्या. वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला आहे त्यांचा, तो दिसला. डायरेक्टर म्हणाला, की हसलीस की तूच हिरोईन वाटतेस, आणि हिरोईन आमच्याकडे आहे. तू रडताना चांगली दिसतेस, तेवढंच कर. तेव्हापासून ओठ मिटले ते मिटले.

"पण एकदा हसले मी," त्या म्हणाल्या. "शेवटच्या सिनेमात. विहिरीवर पाणी शेंदताना मैत्रिणीशी बोलत हसायचं होतं. सकाळचा उजेड होता. अख्खं युनिट बघत राहिलं रे." सिनेमा लागल्यावर त्या धुळ्याच्या थेटरात तिकीट काढून बसल्या. विहीर आली, पाणी आलं, आणि एकदम त्यांचं आजारपणच सुरू झालं. लांबी जास्त झाली म्हणून ते हसणं कापून टाकलं होतं. कोणी मुद्दाम केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मी मात्र मनातल्या मनात त्या सगळ्या मंडळींना शिव्या दिल्या. अजूनही देतो.

मग रंगीत सिनेमे आले आणि अक्का जळगावला भावाकडे आल्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "रंगीत मरायला मला जमलं नसतं."

आधार कार्डाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. केंद्रावर फोटो काढणारी मुलगी म्हणाली, की आजी, समोर बघा. अक्का म्हणाल्या, की समोरून मी चांगली दिसत नाही. त्यांनी मान डावीकडे केली, मशीनने फोटो नाकारला. पुन्हा मान, पुन्हा नकार. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी अक्का समोर बघायला तयार झाल्या, पण आधी वरची ट्यूब बंद करायला लावून. कार्ड घरी आलं तेव्हा ते घेऊन त्या माझ्या दुकानात आल्या आणि त्यांनी ते काचेच्या काउंटरवर आपटलं. खरं सांगायचं तर फोटो फारच वाईट होता. तुमचाही तसाच असेल म्हणा.

"बाराव्यांदा मारलं मला," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी तर सरकारने."

हे सगळं हसण्यावारी जात होतं. मग तो सत्कार झाला.

आमच्या भागातल्या एका मंडळाला अचानक आठवलं, की आपल्याकडे एक जुन्या काळच्या अभिनेत्री राहतात, त्यांचा सत्कार करू. कार्यकर्ते भले होते, हेतू चांगला होता. चौकात मोठा फ्लेक्स लावायचा ठरलं. त्यावर फोटो कुठला लावणार? अक्कांचा सिनेमातला एकच फोटो सगळीकडे सापडतो. वर्तमानपत्रात कधी काही छापून आलं तर तोच, मोबाइलवर फिरतो तोही तोच. केस मोकळे, डोळे अर्धे मिटलेले, डोकं कोणाच्या तरी मांडीवर. चौथ्या क्षयाचा आहे तो. मंडळाने तोच घेतला, आठ फूट उंच करून लावला आणि खाली आपापले हसरे चेहरे छापले.

फ्लेक्स सकाळी लागला. नऊ वाजता रिक्षा स्टँडवरचा एक रिक्षावाला अक्कांच्या दारात येऊन उभा राहिला. वर्षानुवर्षं त्यांना मशिनीचे भाग आणायला गावात नेणारा तो माणूस. डोळे लाल, डोक्याला रुमाल बांधलेला. अक्का अंगणात पाणी मारत होत्या. त्यांना बघून त्याने डोक्याचा रुमाल सोडला. मग म्हणाला, की अक्का, मी विचारायला आलो होतो, किती वाजता काढणार आहेत.

अक्कांनी त्याला पायरीवर बसवलं आणि चहा दिला. दहापर्यंत आणखी तिघे आले. त्यांनाही चहा दिला. एका बाईने तर येताना पिठलं-भाकरीचा डबा आणला होता, सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. तो डबा अक्कांनी ठेवून घेतला.

ही गोष्ट त्यांनी दुकानात येऊन मला सांगितली, तेव्हा मी काउंटरवर डोकं ठेवून हसत होतो. माझं हसून होईपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "मी खरी जाईन ना, तेव्हाही हाच लावतील. तोच मोकळ्या केसांचा. लोक म्हणतील, बाई कशी होती, तर अशी मरत होती. मला एक फोटो काढून दे रे. मोठा. जिवंत माणसाचा."

माझं हसू थांबलं. एवढी वर्षं त्या माझ्या स्टुडिओत येत होत्या, दुसऱ्यांच्या मुलींना हसवत होत्या, आणि स्वतःसाठी पहिल्यांदाच काही मागत होत्या. मी म्हणालो, की उद्याच या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. अंजिरी रंगाची इरकली साडी, केसांचा नीट अंबाडा. मला त्या दिवशी दुसरं काम घेऊच दिलं नाही. खुर्ची सात वेळा हलली. छत्री त्यांनी स्वतः लावली, मग उठून लांबून बघितली, मग परत बसल्या. मी "हसा ना अक्का" असं दोन-तीनदा म्हणून बघितलं. ओठांचे कोपरे जिथे थांबायचे तिथे थांबले. तरी फोटो छान आला. डावा गाल, वर गेलेली मान, चेहऱ्यावर कसलीशी ऐट. सत्त्याऐंशी वर्षांची बाई अशी दिसावी, असं मला वाटलं. बारा बाय पंधराची फ्रेम करायची ठरली.

आणि इथे मी माती खाल्ली.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. तुम्हीही पाहिली असेल, फक्त लक्षात आली नसेल. जिवंत माणसाचा फोटो असला की मागे पडदा असतो. आमच्याकडे करड्या रंगाचा आहे, वडिलांच्या वेळचा. आणि माणूस गेलेला असला, घरचे लोक जुना फोटो घेऊन आले, मोठा करून द्या म्हणाले, की मागचं सगळं काढून तिथे आभाळ टाकायचं. फिकट निळं, कडेला ढग, डोक्यामागे थोडा उजेड. कोणी सांगावं लागत नाही. गावात कुठल्याही घरी भिंतीवरचा फोटो बघा, मागे आभाळ असलं की समजायचं. पूर्वी हे ब्रशने करायचो, आता कॉम्प्युटरवर होतं. हाताला इतकं वळण पडलंय, की वयस्कर चेहरा आणि बारा बाय पंधरा म्हटलं की हात आपोआप आभाळाकडे जातो.

त्या आठवड्यात अशी तीन कामं होती. चौथं अक्कांचं. मीच केलं, मीच छापलं, मीच फ्रेममध्ये बसवलं, वरून कागद गुंडाळला. आपण काय केलंय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

अक्कांनी काउंटरवर कागद सोडला. फ्रेम हातात घेऊन दाराजवळच्या उजेडात गेल्या. मी कौतुकाची वाट बघत उभा. ते काही येईना, म्हणून मी पुढे होऊन बघितलं. अंजिरी इरकलीतल्या अक्का निळ्या आभाळात, ढगांच्या मधोमध.

"उजेड कुठून येतोय रे याच्यात?" त्यांनी विचारलं.

 डोक्याच्या मागून येत होता, म्हणजे कुठूनच येत नव्हता. त्यांनी फ्रेम अलगद काउंटरवर ठेवली, पालथी. "तू तरी," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मंडळावर त्या चिडल्या नव्हत्या, सरकारवरही नाही. माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चिडल्या नव्हत्या, त्यांना लागलं होतं. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली, आणि हे मी उगाच लिहायचं म्हणून लिहीत नाही.

दोन-तीन आठवडे अक्का दुकानाकडे फिरकल्या नाहीत. मी करडा पडदा टाकून नवा फोटो केला, फ्रेम केली, आणि ती घेऊन जायचा धीर होईना म्हणून रोज नवी सबब शोधत राहिलो.

जानेवारी होता. मेहरूणला एका साखरपुड्याचं काम संपवून संध्याकाळी परत येत होतो. तिथली बोरं अक्कांना फार आवडायची. रस्त्याकडेला टोपली घेऊन बसलेल्या बाईकडून किलोभर घेतली, दुकानातून फ्रेम उचलली आणि मन घट्ट करून निघालो. कॅमेरा गळ्यातच राहिला होता.

अक्का अंगणात होत्या. कपाशीच्या काड्या पेटवून भरताची वांगी भाजणं चाललं होतं. क्लासमधली एक जुनी विद्यार्थिनी, आता तिलाच नातवंडं आहेत, हिरव्या मिरच्या निवडत बाजूला बसली होती. मला पाहूनही अक्का काडीने वांगं फिरवत राहिल्या. मी बोरं ठेवली, फ्रेम ठेवली आणि उभा राहिलो. शाळेत असताना अंगठे धरून उभा राहायचो, त्याची आठवण झाली.

"का केलंस?" त्यांनी वांग्याकडे बघतच विचारलं.

मी खूप काही ठरवून आलो होतो. डोळे अधू झालेत, कामाची गर्दी होती, कॉम्प्युटर नवा आहे. त्यातलं काही तोंडातून आलं नाही. आलं ते खरं होतं तेवढंच.

"अक्का," मी म्हणालो, "माझ्या चाळीस वर्षांच्या धंद्यात बारा बाय पंधराचा फोटो न्यायला, ज्याचा फोटो तो माणूस स्वतःच्या पायांनी कधी आलाच नाही हो."

 मिरच्या निवडणारी बाई फिसकन हसली. आणि मग अक्का हसल्या. आधी खांदे हलले, मग हातातली काडी पडली, आणि तोंड उघडून, मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिल्या. दोन्ही हात राखेने भरले होते, म्हणून तोंडाकडे नेता आले नाहीत. तो चढलेला दात मी पहिल्यांदा पाहिला. समोर काड्यांचा जाळ, मागे धूर, सूर्य कधीच मावळलेला. उजेड सगळा खालून, जाळाचा. अक्कांच्या एकाही नियमात बसणारा नाही. माझा हात मात्र तेवढा वेळ नीट चालला.

बटणाचा आवाज त्यांच्या कानांनी बरोबर टिपला. "दाखव," त्या म्हणाल्या. मी कॅमेऱ्याची छोटी काच त्यांच्यासमोर धरली. धुरामुळे की कशामुळे, त्यांना नीट दिसायला वेळ लागला.

"विहिरीवर अशीच हसले होते मी," त्या म्हणाल्या. आणखी थोडा वेळ बघून म्हणाल्या, "हा लाव. मी गेल्यावर. आधी कोणाला दाखवू नको."

मी विचारलं, का.

"आधी दाखवलास तर जो तो मला हसायला सांगेल. या वयात नवीन काम घ्यायचं नाही मला."

मग आम्ही भरीत खाल्लं. करड्या पडद्याची फ्रेम त्यांनी खोलीत भिंतीवर लावली आणि मशीन असं फिरवून घेतलं, की शिवताना ती दिसणार नाही. स्वतःचा चेहरा सारखा बघत बसणं त्यांना पसंत नव्हतं.

गेल्या चैत्रात अक्का गेल्या. दुपारी क्लासची शेवटची मुलगी घरी गेली, अक्का आडव्या झाल्या, आणि उठल्या नाहीत. क्षय नाही, विहीर नाही. कोणाच्या मांडीवर डोकं नव्हतं. सिनेमात चाललं नसतं असं साधं जाणं.

दुसऱ्या दिवशी भाचा दुकानात आला. चांगला माणूस आहे, पण घाईत होता. दशक्रियेला लावायला फोटो हवा होता. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. मोकळे केस, अर्धे मिटलेले डोळे. म्हणाला, हाच सगळ्यांना माहीत आहे, हाच मोठा करा.

मी त्याला आत बसवलं आणि कॉम्प्युटरवर तो जाळापुढचा फोटो उघडला. तो खुर्ची पुढे ओढून बघायला लागला. आपल्या आत्याला त्याने असं कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाला, की छान आहे, पण दादा, श्रद्धांजलीला इतकं हसणं बरं दिसतं का. लोक काय म्हणतील.

मी त्याला विहिरीची गोष्ट सांगितली. कापून टाकलेल्या हसण्याची. पन्नास-साठ वर्षांपूर्वी एकदा लांबी जास्त झाली म्हणून कापलं, आता आपण लोक काय म्हणतील म्हणून कापायचं का, असं विचारलं. माझा आवाज जरा चढला असावा. तो डोळे पुसून म्हणाला, "बरं, हाच करा. पण मागचा धूर काढून आभाळ तरी टाका. रीत आहे ना ती."

मी बघतो म्हणालो. तो गेल्यावर धूर काढला आणि मागे करडा पडदा टाकला.

दशक्रियेच्या दिवशी त्या क्लासच्या खोलीत मशिनी भिंतीला लावून जागा केली होती. अख्ख्या पिंप्राळ्यातल्या बाया आल्या होत्या. काही धुळ्याहून, एक तर बोदवडहून. फोटोसमोर जो तो थबकत होता. कोणीतरी हळूच म्हणालं, "अक्कांचा दात बघा गं," आणि दोघी-तिघी रडता रडता हसल्या. भाच्याने मागचा पडदा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि हार सारखा केला.

त्याच्या बायकोने पाटावर, फोटोच्या बरोबर खाली समई लावली. भरताच्या दिवशी मिरच्या निवडणारी ती विद्यार्थिनी पुढे झाली आणि तिने समई उचलायला हात घातला. मला कळलं ती काय करतेय. इतकी वर्षं शिकवलेलं हाताला लागलेलं होतं, समई डावीकडे ठेवायची होती.

"राहू दे," मी म्हणालो. "या फोटोत उजेड खालूनच आहे."

तिने फोटोकडे नीट पाहिलं, मग समईकडे, आणि हात मागे घेतला.